कृष्णाकाठचा क्षय आणि जंतूंचा उपसा

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड, सांगली ही गावे मागे टाकीत मिरजेच्या शिवेवरून पुढे कर्नाटकात जाते. तिच्या या वाटेच्या आरंभी, पाचगणीच्या डोंगरमाथ्यावर, आणि अखेरीस, सांगली-मिरजेच्या मधल्या सपाट रानात, क्षयरोग्यांसाठी उभारलेली दोन आरोग्यधामे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच शत्रूशी झुंजत होती. आणि सातारा-सांगलीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गडकोट, संस्थाने, पेठा आणि प्रतिसरकार यांची दप्तरे जितक्या आस्थेने चाळली तितक्या आस्थेने या झुंजीकडे पाहिले नाही, याची मला नेहमी रुखरुख वाटत आली आहे. ही झुंज दोन पर्वांत झाली. पहिल्या पर्वात वैद्यकाच्या हाती औषध नव्हते. दुसऱ्या पर्वात औषध आले, आणि ज्या जंतूंसाठी ते आले होते त्यांनी ते आपल्या देहातून बाहेर फेकून देण्याची आपली जुनी विद्या पुढे केली. या विद्येचा पत्ता शास्त्रज्ञांना लागावयास १९८० साल उजाडावे लागले. परंतु तिचे परिणाम त्यापूर्वीच आणि त्यानंतरही कृष्णेच्या खोऱ्यातील माणसांना, आणि अलीकडे तेथल्या फळबागांनाही, भोगावे लागले आहेत.

पहिल्या पर्वाचा नायक विल्यम जेम्स वानलेस. कॅनडात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आला, प्रथम सांगलीत राहिला, पुढे पटवर्धनांच्या मिरज संस्थानात स्थिरावला, आणि १८९४ साली तेथे त्याचे इस्पितळ उघडले. शस्त्रक्रियेतील त्याच्या हातोटीची कीर्ती थोड्याच वर्षांत एवढी पसरली की मिरज हे रेल्वेचे जंक्शन म्हणून जितके लोकांना ठाऊक होते तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, ते डॉक्टरांचे गाव म्हणून ठाऊक झाले. ज्या काळात इस्पितळ म्हणजे मरणाचे दार अशी समजूत खेड्यापाड्यांत दृढ होती, त्या काळात बैलगाड्या जोडून माणसे आपल्या आजारी माणसाला मिरजेकडे नेऊ लागली, हा पालट लहान नव्हे. १९२८ साली सरकारने वानलेसला ‘सर’ हा किताब दिला. १९३३ साली तो परदेशी वारला. सांगली आणि मिरज यांच्या दरम्यान त्याच्या नावाने वसलेली वानलेसवाडी, आणि तेथील क्षयरोग्यांचे आरोग्यधाम, ही त्याच्या कामाची लोकांच्या तोंडी राहिलेली खूण होय.

पाचगणीची कथा निराळी आहे. जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे थंड हवेचे ठिकाण वसविले, आणि पावसाळ्यात महाबळेश्वर जसे धुक्याने व पाण्याने राहण्यास अशक्य होते तसे पाचगणी होत नाही, या एका गुणामुळे हवापालटासाठी डॉक्टर रोग्यांना तेथे धाडू लागले. १९१२ साली मुंबईचे डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तेथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम स्थापिले. १९६४ साली ते इंडियन रेडक्रॉस संस्थेच्या स्वाधीन झाले.

या आरोग्यधामांत उपचार म्हणून काय चाले, याची कल्पना आजच्या वाचकाला सहजी यावयाची नाही. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू शोधून काढला होता, म्हणजे शत्रूची ओळख पटली होती. पण त्याच्यावर चालविण्याजोगे शस्त्र साठ वर्षे सापडले नव्हते. रोग्याने महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, उघड्या व्हरांड्यात खाटेवर पडून राहावे, दूध-अंडी भरपूर घ्यावीत, ताप दिवसातून अनेकदा मोजून घ्यावा, मोठ्याने बोलू नये, मनाला त्रास करून घेऊ नये, अशी पथ्ये असत. याने गुण आला नाही तर छातीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवावयाचे, म्हणजे त्याला विश्रांती मिळून त्यातील जखम भरेल. त्यानेही भागले नाही तर फासळ्या काढून छातीची ती बाजू कायमची बसवून टाकावयाची. घरी ठेवलेल्या रोग्याचे ताट-वाटी निराळे, खाट निराळी, आणि ‘क्षय’ हा शब्द शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानी पडू नये म्हणून घरादाराचा आटापिटा. कारण तो शब्द बाहेर पडला की त्या घरच्या मुलीचे जुळलेले लग्नसुद्धा मोडावयाचे. जे बरे होत ते आपल्या शरीराच्या बळावर बरे होत. डॉक्टरांनी त्या बळाला सवड मिळवून द्यावी, एवढाच त्यांचा अधिकार होता, आणि तो त्यांनी ज्या निष्ठेने बजावला तिला तोड नाही असे माझे मत आहे.

दुसऱ्या पर्वाचा प्रारंभ अमेरिकेतील रटगर्स येथील एका तळघरात झाला. सेल्मन वॅक्समन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अल्बर्ट शाट्झ या तरुणाने १९४३ साली मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले, आणि क्षयाचा जंतू मारणारे पहिले औषध जगाला मिळाले. त्याची कसोटी इंग्लंडात वैद्यकीय संशोधन मंडळाने घेतली, आणि १९४८ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेला तिचा अहवाल हा वैद्यकाच्या इतिहासातील एक मातब्बर दस्तऐवज मानला जातो. १०७ रोगी घेतले होते. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांनी पाहता पहिल्या गटातील ४ जण दगावले होते आणि दुसऱ्यातील १४. हा आकडा वाचून जगभरच्या आरोग्यधामांत केवढा आनंद झाला असेल! पण त्याच अहवालाच्या पोटात दुसरा एक आकडा होता, आणि त्याकडे ज्यांचे लक्ष गेले त्यांचा आनंद फार काळ टिकला नसावा. औषध घेणाऱ्यांपैकी ज्या ४१ जणांच्या जंतूंची तपासणी झाली त्यांपैकी ३५ जणांच्या छातीतले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले होते. पाच वर्षांनी याच रोग्यांचा पुन्हा हिशेब मांडला गेला तेव्हा औषध घेतलेल्या ५५ पैकी ३२ आणि न घेतलेल्या ५२ पैकी ३५ जण मरण पावलेले आढळले. म्हणजे प्रारंभी जी दरी एवढी रुंद दिसत होती ती जवळजवळ बुजून गेली होती.

एका औषधाने जे साधत नाही ते दोन-तीन औषधे एकत्र दिल्याने साधते, हे लौकरच ध्यानी आले. स्वीडनच्या लेमान यांनी पुढे आणलेले पीएएस आणि १९५२ साली आलेले आयसोनियाझिड यांची जोड मिळाल्यावर क्षय हा खरोखरच बरा होणारा रोग झाला. आपल्याकडे ही औषधे प्रथम समुद्रापलीकडून येत आणि सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेरची असत. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे १९५५ पासून पेनिसिलिन आणि पुढील दशकात स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले, तेव्हा ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली. स्वतंत्र देशाने स्वतःच्या भूमीवर प्राणरक्षक औषध निर्माण करावे ही त्या पिढीच्या अभिमानाची बाब होती, आणि तो अभिमान सर्वथा योग्य होता.

त्याच सुमारास मद्रासेत एक प्रयोग झाला, आणि त्याने पाचगणी-वानलेसवाडीसारख्या ठिकाणांचे भवितव्य ठरविले. इंग्लंडातील त्या पाच वर्षांच्या फेरतपासणीत ज्यांचा प्रमुख हात होता ते वॉलेस फॉक्स १९५६ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्रात आले. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना शहरातील त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून, सर्वांना आयसोनियाझिड व पीएएस ही औषधे वर्षभर देण्यात आली. आणि १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की दोहोंचा गुण जवळपास सारखाच आहे, आणि रोगी घरी राहिल्याने घरच्यांना अधिक बाधा होते असेही नाही. उघडी हवा, डोंगरमाथा, दूध-अंडी, वर्षभराची सक्तीची विश्रांती यांवाचून काही अडत नाही, हे एकदा सिद्ध झाल्यावर आरोग्यधामांच्या युगाची समाप्ती होणे क्रमप्राप्त होते. गरीब देशाला हा निर्णय वरदानच ठरला. कारण लक्षावधी रोग्यांसाठी खाटा कोठून आणावयाच्या? परंतु आरोग्यधामात परिचारिका दररोज समोर उभी राहून औषध घ्यावयास लावी, आणि घरी तसा बंदोबस्त नव्हता, ही गोष्टही विसरता येत नाही. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगी ताकद आली, ऊसतोडीचा किंवा पेरणीचा हंगाम आला, की गोळ्या सुटावयाच्या. सरकारने पुढे देखरेखीखाली औषध देण्याची तजवीज केली, पण तोवर कित्येक दशके लोटली होती.

अर्धवट घेतलेल्या औषधाने जंतू ‘मुरब्बी’ होतो असे डॉक्टर रोग्यांना सांगत असत. तो मुरब्बी होतो म्हणजे त्याच्या देहात नेमके काय घडते, याविषयी त्या काळी तीन कल्पना होत्या. जंतू औषधाचा नाश करणारे द्रव्य निर्माण करतो ही पहिली. पेनिसिलिनच्या बाबतीत ती १९४० सालीच खरी ठरली होती. औषध ज्या अवयवावर घाव घालते त्याची घडणच जंतू बदलतो ही दुसरी, आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत मुख्यतः हीच खरी निघाली. तिसरी अशी की जंतू आपले कवच घट्ट करतो आणि औषध आत येऊ देत नाही. टेट्रासायक्लिन या औषधाला न जुमानणारे आतड्यातील जंतू पाहिले असता त्यांच्या शरीरात औषध फारच थोडे आढळे, तेव्हा ते आत शिरतच नसावे असा तर्क पुष्कळ वर्षे रूढ होता. तो तर्क चुकीचा होता.

बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील स्टुअर्ट लेव्ही आणि लॉरा मॅकमरी यांनी १९८० साली दाखवून दिले की औषध आत शिरते, पण शिरताच जंतू ते उचलून बाहेर टाकतो. जंतूच्या पातळ आवरणात बसविलेले एक प्रथिन हे काम अविरत करीत असते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती जंतू आपल्या आवरणाच्या दोन बाजूंना असलेल्या हायड्रोजन कणांच्या फरकातून मिळवितो. त्याच वर्षी इंग्लंडातील इयन चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीही हाच निष्कर्ष काढला. औषधाची ही हकालपट्टी करणाऱ्या यंत्रणेला पुढे पंप असेच नाव मिळाले.

सांगली जिल्ह्याच्या वाचकाला पंप म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथून निघालेल्या पंपांनी महाराष्ट्रातल्या विहिरींवरील मोटा हळूहळू बंद पाडल्या. उपशाचे गणित शेतकऱ्याला तोंडपाठ असते: विहिरीच्या झऱ्यातून पाणी येणे काही थांबत नाही, पण येणाऱ्या पाण्याहून पंपाचा उपसा जोराचा असला तर तळाशी घोट्याएवढेच पाणी राहते. जंतूच्या देहातील औषधाचे नेमके हेच होते. झरा आटत नाही; औषध रक्तातून, ऊतींतून झिरपत आत येतच असते. पण उपसा चालू असल्यामुळे त्याची पातळी जंतूला मारण्याइतकी कधी चढत नाही.

लेव्ही यांना सापडलेला पंप केवळ टेट्रासायक्लिनचाच उपसा करी. नंतरच्या वर्षांत याहून कितीतरी विलक्षण पंप आढळले. आतड्यातील त्याच जंतूमध्ये तीन भागांचा एक पंप आहे. त्याचा एक भाग आतल्या आवरणात, दुसरा मधल्या पोकळीत आणि तिसरा बाहेरच्या आवरणात नळीसारखा बसलेला असतो, आणि त्यामुळे आतले औषध थेट जंतूच्या देहाबाहेर जाऊन पडते. कॅलिफोर्नियातील हिरोशी निकाइदो यांनी या जातीच्या पंपांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. जपानच्या सातोशी मुराकामी व अकिहितो यामागुची यांनी २००२ साली त्याच्या मुख्य भागाची स्फटिकरूप घडण उलगडली, आणि २००६ साली त्याच्या हालचालीचे रहस्य सांगितले: त्या भागाचे तीन सारखे तुकडे आहेत, एक औषध पकडतो, दुसरा धरून ठेवतो, तिसरा सोडून देतो, आणि ही कामे ते तिघे आळीपाळीने करतात. विस्मयाची गोष्ट ही की या पंपाला औषधाची पारख जवळजवळ नाहीच. टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या कुळातील औषधे, रंगद्रव्ये, साबणासारखे पदार्थ, ज्यांची परस्परांशी रासायनिक जातकुळी जुळत नाही अशी नाना द्रव्ये तो सारख्याच तत्परतेने बाहेर घालवितो. त्यामुळे एका औषधाच्या वापराने पंपाचा जोर वाढला की ज्या औषधाचा त्या रोग्याने कधी एक कणही घेतलेला नाही तेही निकामी ठरू शकते.

हे पंप माणसाच्या औषधांसाठी निर्माण झालेले नाहीत. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूवर पित्ताचा सतत मारा होतो, आणि वर वर्णिलेला पंप पित्तातील क्षार बाहेर टाकून त्याला जगवितो. मातीतले जे सूक्ष्मजीव प्रतिजैविके निर्माण करतात त्यांनाही स्वतःच्या विषाने स्वतःच मरू नये म्हणून पंप लागतात. क्षयाच्या जंतूतील एक पंप, ज्याविषयी पुढे लिहावयाचे आहे, लोह मिळविण्यासाठी जंतू जी द्रव्ये बाहेर पाठवितो त्यांच्या रवानगीचे काम मूलतः करतो. आपण औषध शोधले त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून ही यंत्रे चालू होती. आपण त्यांना फक्त नवे काम दिले.

आणि हे नवे काम त्यांनी कसे पत्करले, यातच मला सगळ्या इतिहासाचे मर्म दिसते. पंपाने मिळणारे संरक्षण बहुधा अल्प असते. पूर्ण मात्रेपुढे ते पुष्कळदा टिकत नाही. अपुऱ्या मात्रेपुढे मात्र टिकते. गोळ्या मधेच सुटल्या, पैशांअभावी निम्म्या घेतल्या, किंवा औषधच कमअस्सल निघाले, की जंतूंपैकी ज्यांचा पंप जोराचा आहे ते तगतात, आणि त्या तगण्याने त्यांना मोहलत मिळते. या मोहलतीतच त्यांच्या पुढच्या पिढ्यांत औषधाच्या लक्ष्याची घडण कायमची बदलणारे फेरफार घडून येतात, आणि मग पूर्ण मात्राही चालत नाही. १९४८ च्या त्या ३५ रोग्यांच्या छातीत शेवटी जे जंतू सापडले ते लक्ष्य बदललेले होते. पण असे फेरफार रुजावयाला जो वेळ लागतो तो जंतूला कोण मिळवून देतो, या प्रश्नाचे एक उत्तर आता आपल्या हाती आहे. २०११ साली ललिता रामकृष्णन यांच्या गटाने आणखी एक गोष्ट उजेडात आणली: आपल्या शरीरातील ज्या भक्षक पेशी क्षयाच्या जंतूला गिळतात त्यांच्या आत गेल्यावरच जंतूचे पंप जोराने चालू लागतात, आणि औषध चालू असतानाही तो तग धरतो. रक्तदाबासाठी व हृदयविकारासाठी वापरले जाणारे व्हेरापामिल हे औषध दिले असता हा तग कमी होतो, असेही त्यांना आढळले. आरोग्यधामांतील जुने डॉक्टर शरीराच्या ज्या बळावर भिस्त ठेवीत होते त्याच बळाच्या कुशीत जंतू आपला बचाव करीत होता, ही जाणीव मन विषण्ण करणारी आहे.

आता खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला वळू. आगरकरांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या कऱ्हाड तालुक्यातील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून सांगलीच्या दुष्काळी पूर्वभागात नेणारी उपसा सिंचन योजना आहे, आणि माणदेशातील आटपाडीच्या शिवारांपर्यंत ते पाणी पोहोचले आहे. या माणदेशात डाळिंब पिकते. कमी पाण्यावर येणाऱ्या या फळाने तेथल्या कित्येक कुटुंबांना बरे दिवस दाखविले. पण या शतकाच्या आरंभापासून डाळिंबावर ‘तेल्या’ पडू लागला. पानांवर आणि फळांवर तेलकट काळे डाग पडावेत, फळ तडकावे, आणि पाहता पाहता हाताशी आलेला बहार जावा, असा हा रोग. आणि तो बुरशीने नव्हे, जंतूने होतो. जंतूचा रोग म्हटल्यावर इलाज जंतुनाशकाचा, आणि तो पिंपरीच्याच कारखान्यातून आला: स्ट्रेप्टोसायक्लिन, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिनच्या नऊ भागांत टेट्रासायक्लिनचा एक भाग. लहान पुडीतली ती भुकटी तांब्याच्या औषधाबरोबर पाण्यात कालवून झाडांवर फवारली जाऊ लागली. ज्या औषधासाठी एके काळी वानलेसवाडीच्या रोग्यांनी प्राण कंठाशी आणून वाट पाहिली असेल, तेच औषध आता कृषी सेवा केंद्राच्या फळीवर होते.

या शेतकऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. कर्ज काढून लावलेली बाग डोळ्यांदेखत जळत असताना जे शिफारसपत्रात लिहिले आहे ते तो फवारणारच. दोष असेल तर त्या व्यवस्थेचा, जिने माणसाच्या क्षयावरील औषध झाडाच्या डागांवर वापरण्यास परवानगी दिली आणि त्याच्या परिणामांची मोजदाद कित्येक वर्षे लांबणीवर टाकली. टेट्रासायक्लिनचा उपसा करणाऱ्या पंपांची जनुके बहुधा अशा सुट्या जनुकवलयांवर असतात की जी एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला सहज देऊ शकतो, हे लेव्ही यांच्या काळापासून माहीत होते. खुद्द लेव्ही यांनी १९७६ साली एका कुक्कुटपालनाच्या शेतावर दाखविले होते की कोंबड्यांच्या खाद्यात हे औषध मिसळू लागल्यावर आठवड्याभरात कोंबड्यांच्या, आणि काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्याही आतड्यांत, त्या औषधाला न जुमानणारे जंतू वाढले, आणि त्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या हुकुमाचा मसुदा प्रसिद्ध केला. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागून तोवर ७८ वर्षे लोटली होती.

या कथेचा तिसरा धागा मिरजेतच आहे. तेथे क्षयाप्रमाणेच कुष्ठरोग्यांचीही सेवा झाली. रिचर्डसन कुष्ठरुग्णालय हे नाव त्या भागात सर्वांना परिचित आहे. कुष्ठाचा जंतू हा क्षयाच्या जंतूचा सख्खा भाऊबंद. डब्लिनच्या व्हिन्सेंट बॅरी यांनी क्षयासाठी म्हणून एक लाल रंगाचे औषध तयार केले होते आणि १९५७ साली त्याची माहिती जाहीर केली. क्षयावर त्याचा तेव्हा फारसा उपयोग दिसला नाही, परंतु पुढे ते कुष्ठावर गुणकारी ठरले. हेच क्लोफाझिमीन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन यांच्या जोडीला ते घेऊन कुष्ठासाठी तीन औषधांचा जो उपचार ठरविला, त्याने भारतातील कुष्ठाचे रूपच पालटले. घेणाऱ्याची त्वचा तांबूस-काळी पडते, आणि पुष्कळ रोग्यांना रोगाच्या डागांइतकाच या रंगाचा संकोच वाटे; तरीही त्यांनी ते नेटाने घेतले.

इकडे क्षयाचे जंतू एकामागून एक औषध निरुपयोगी करीत असता २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत बेडाक्विलीन या नव्या औषधाला मान्यता मिळाली, आणि २०१६ पासून भारताच्या क्षय कार्यक्रमात ते निवडक ठिकाणी दिले जाऊ लागले. त्याच्याबरोबर क्लोफाझिमीनही, कुष्ठावरून परत क्षयाकडे वळून, हट्टी क्षयाच्या उपचारात योजले जाऊ लागले. ही दोन औषधे रासायनिक घडणीने आणि मारण्याच्या पद्धतीने सर्वस्वी निराळी असल्याने एकाची शक्ती गेली तरी दुसऱ्याची शाबूत राहील, अशी अपेक्षा होती. २०१४ साली स्वित्झर्लंडातील लोझान येथील रूबेन हार्टकूर्न, स्वप्ना उपळेकर आणि स्टुअर्ट कोल यांनी ती अपेक्षा खोटी ठरविली. त्यांनी दाखविले की क्षयाच्या जंतूमधील ज्या एका जनुकाकडे विशिष्ट पंपाला आवर घालण्याचे काम आहे, त्या जनुकात बिघाड झाला की पंप भरमसाट प्रमाणात तयार होतो, आणि तो एकच पंप बेडाक्विलीन व क्लोफाझिमीन या दोहोंचाही उपसा करू लागतो. हा तोच पंप, ज्याचे मूळ काम लोहासाठी द्रव्ये बाहेर पाठविणे हे होते. एका औषधाच्या अपुऱ्या वापराने दुसरेही हातचे जावे, असा हा प्रकार आहे.

पंपच अडविता आला तर? या दिशेने जे शोध झाले त्यांपैकी एक सह्याद्रीच्या माणसाला जवळचा वाटेल. किम लुईस व फ्रँक स्टर्मिट्झ यांनी २००० साली दारूहळदीच्या कुळातील झुडपांत असे एक द्रव्य आढळल्याचे प्रसिद्ध केले की जे स्वतः जंतूला मारीत नाही, पण जखमांत पू करणाऱ्या जंतूचा एक पंप बंद पाडते, आणि मग त्याच झुडपातील बर्बेरीन हे कडू द्रव्य, एरवी ज्याचा जंतूवर काही परिणाम होत नसे, ते त्याला मारू शकते. म्हणजे झाडानेही जंतूच्या उपशाला तोड काढून ठेवली होती. हे द्रव्य पूर्वी चालमुग्र्याच्या तेलात अल्प प्रमाणात आढळलेले होते. पश्चिम घाटाच्या अरण्यात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल याच जातीचे. सल्फोन औषधे येण्यापूर्वी भारतातील कुष्ठधामांत दोन पिढ्या हेच तेल टोचले आणि पाजले जात होते. व्हेरापामिल, सर्पगंधेतील रिसर्पिन आणि अशी इतर कित्येक द्रव्ये परीक्षानळीत पंप अडवितात. पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला बहुधा सोसत नाही, आणि जंतूचा उपसा रोखणारे एकही औषध अद्याप जंतुसंसर्गावरील उपचारात रूढ झालेले नाही.

म्हणून आज भिस्त आहे ती पूर्ण मात्रेवर, पूर्ण मुदतीवर आणि वेळीच केलेल्या तपासणीवर. २०२४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हट्टी क्षयासाठी बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा उपचार मान्य केला. पूर्वी ज्याला वीस महिने लागत तो आता अर्ध्या वर्षात आटोपतो, आणि ऊसतोडीला निघण्यापूर्वी तो पुरा करून घेणे रोग्याला आणि त्याच्या गावच्या आरोग्यसेविकेला शक्य होते. या चारांतील बेडाक्विलीनवरच सगळ्या उपचाराची मदार आहे. त्यामुळे उपचार सुरू करतानाच रोग्याच्या बेडक्यातील जंतूच्या त्या आवर घालणाऱ्या जनुकात बिघाड आहे की काय हे पाहण्याची सोय प्रत्येक जिल्ह्याच्या आवाक्यात आली पाहिजे, आणि क्लोफाझिमीन पूर्वी घेतलेल्या रोग्याच्या बाबतीत तर ही तपासणी झाल्यावाचून औषधाची पहिली गोळीही दिली जाता कामा नये.